मॅन्कोझेबची फवारणी: पावडर भिजवण्यापासून रिकाम्या पाकिटापर्यंत

कृषी सेवा केंद्रात "एम-४५ द्या" म्हटले की जी पिवळट राखाडी पावडर हातात पडते, ती मॅन्कोझेब ७५ टक्के डब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात मिसळून फवारायचे पावडरीचे बुरशीनाशक. द्राक्ष, टोमॅटो, बटाटा, कांदा, मिरची, सगळीकडे ती चालते. इतक्या सरावाचे औषध असल्यामुळे ते मुठीने किंवा काडेपेटीने मोजले जाते आणि दिसेल त्या औषधात मिसळले जाते. मग रोग आला की "माल डुप्लिकेट होता" असे म्हणून विषय संपतो. कधी माल खरेच बनावट असतो, पण बहुतेक वेळा पावडरीचा स्वभाव विसरलेला असतो. ही पावडर झाडाच्या आत शिरत नाही. आणि ओल, उष्णता, तीव्र आम्ल किंवा चुना यांच्यापुढे ती टिकत नाही. मात्रा, वेळ, मिसळण आणि साठवण यांचे जवळपास सगळे नियम एवढ्यातूनच निघतात.

पावडरीत काय असते

मॅन्कोझेब हे डायथायोकार्बामेट कुळातले सेंद्रिय गंधक संयुग आहे. सेंद्रिय म्हणजे इथे कार्बनयुक्त. सेंद्रिय शेतीत ते चालत नाही. इथिलीनच्या छोट्या साखळीच्या दोन्ही टोकांना गंधकाचे दोन-दोन अणू असलेले गट आणि या तुकड्यांना एकमेकांशी जोडणारे मँगनीज व जस्त, अशी त्याची लांबलचक रचना. शुद्ध मॅन्कोझेबमध्ये मँगनीज सुमारे २० टक्के आणि जस्त अडीच टक्क्यांच्या आसपास असते. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पंपात दिसते ते द्रावण नसून तरंगणारे कण असतात, म्हणून ते खाली बसतात.

पानावर थर वाळला की दव किंवा पावसाच्या ओलीने त्यातले थोडे थोडे मॅन्कोझेब मोडते आणि त्यातून आयसोथायोसायनेटसारखी चपळ संयुगे सुटतात. पानावर पडलेला बुरशीचा बीजाणू याच ओलीत रुजू पाहतो. त्याच्या विकरांमधल्या (एन्झाइममधल्या) गंधकाच्या गटांना ही संयुगे चिकटतात आणि एकाच वेळी अनेक विकरे निकामी होतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभर वापर होऊनही बुरशीला याची सवय लागलेली नाही, त्याचे कारण हेच. मेटॅलॅक्झिल हे दुसरे बुरशीनाशक एकाच ठिकाणी घाव घालते, त्यामुळे केवडा रोगाच्या बुरशीने त्यातून लवकर वाट काढली. मेटॅलॅक्झिलच्या पाकिटात मॅन्कोझेब घातलेले असते ते त्यामुळेच.

याची दुसरी बाजू अशी, की बुरशी एकदा पानाच्या आत शिरली की मॅन्कोझेब तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पानावर तेलकट डाग दिसल्यावर नुसते एम-४५ मारणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर दाराला कुलूप लावणे. त्या वेळी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारे औषध लागते. मॅन्कोझेब उरलेली निरोगी पाने राखण्यापुरतेच.

भुरीवरही, म्हणजे पानावर पांढरी भुकटी धरणाऱ्या रोगावरही, त्याचा म्हणावा असा उपयोग नाही. भुरीला लागते ते पाण्यात मिसळणारे साधे गंधक, ८० टक्केवाले. दोन्हींत गंधक आहे म्हणून एकाऐवजी दुसरे वापरले, तर फवारणी होते आणि रोग तसाच राहतो. केवडा, करपा, टोमॅटो-बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा आणि कांद्यावरचा जांभळा करपा ही मॅन्कोझेबची कामे.

मात्रा: लिटरवर आणि एकरावर

सर्वसाधारण मात्रा लिटरला २ ते २.५ ग्रॅम. त्या पिकासाठी लेबलवर वेगळे लिहिले असेल तर लेबल पाळा. १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला २ ग्रॅमप्रमाणे ३२ ग्रॅम आणि अडीचप्रमाणे ४० ग्रॅम. २०० लिटरच्या ड्रमला ४०० ते ५०० ग्रॅम. पाचशे रुपयांच्या आत मिळणारा डिजिटल काटा घ्या. चमच्याने मोजू नका, कारण पावडर दाबली गेली की तोच चमचा बराच जास्त वजनाचा भरतो.

ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने बारीक थेंब मारणारे यंत्र, वापरणाऱ्यांची चूक इथेच होते. लिटरची मात्रा पान पूर्ण ओले होईल इतक्या पाण्यासाठी सांगितलेली असते. भरलेल्या द्राक्षबागेला एकरी ४०० लिटर पाणी लागते असे धरा. २ ग्रॅमने एकरी ८०० ग्रॅम औषध जाते. त्याच बागेत बारीक थेंबांच्या यंत्राने २०० लिटरच पाणी मारले आणि मात्रा २ ग्रॅमच ठेवली, तर एकरी ४०० ग्रॅमच पोहोचले, म्हणजे निम्मे. पाणी कमी केले तरी एकराचे औषध तेवढेच राहायला हवे. उलट छाटणीनंतर फूट विरळ असताना पाणीही कमी लागते आणि औषधही, तेव्हा एकराचा पूर्ण आकडा गाठण्याचा हट्ट नको.

जोड औषधांचा हिशेब वेगळा करा. मेटॅलॅक्झिल ८ अधिक मॅन्कोझेब ६४, सायमोक्झॅनिल ८ अधिक मॅन्कोझेब ६४, कार्बेन्डाझिम १२ अधिक मॅन्कोझेब ६३, या सगळ्यांत मॅन्कोझेब आधीच आहे. ६४ टक्केवाले लिटरला अडीच ग्रॅम घेतले तर त्यातून १.६ ग्रॅम मॅन्कोझेब जाते. साधे एम-४५ लिटरला २ ग्रॅम घेतले तर १.५ ग्रॅम. म्हणजे जोड औषधात वरून आणखी एम-४५ घालण्याची गरज नसते. तरी ते घातले जाते. पैसा जातो, पानावर पांढरट थर बसतो आणि फळावरचे अंश वाढतात.

मिसळण्याची पद्धत

पावडर थेट पंपात टाकू नका. वर कोरडी राहते, खाली गुठळी होते आणि मग नोझल तुंबते.

१. टाकीत अर्धे पाणी भरा. पाणी गाळूनच घ्या. विहिरीचे किंवा शेततळ्याचे पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या.
२. प्लास्टिकच्या बादलीत थोडे पाणी घेऊन त्यात मोजलेली पावडर हळूहळू सोडा आणि काठीने ढवळा. पावडरीवर पाणी ओतू नका, त्याने धूळ उडते आणि गुठळ्या होतात. आधी दाट लगदा करा, मग तो पातळ करा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.
३. लगदा बारीक जाळीतून टाकीत ओता. बादली दोनदा विसळून ते पाणीही टाकीतच जाऊ द्या.
४. दुसरे पाण्यात मिसळणारे औषध असेल तर ते त्यानंतर. तेलकट म्हणजे ईसी औषध त्याच्या मागून. स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारे द्रव, सगळ्यांत शेवटी.
५. उरलेले पाणी भरा आणि फवारणी संपेपर्यंत ढवळणी चालू ठेवा. पाठीवरच्या पंपात ढवळणी नसते, म्हणून प्रत्येक दोन-तीन ओळींनंतर पंप हलवा. चहाला थांबलात तर परत सुरू करताना तळापासून ढवळा. तसे केले नाही तर पहिल्या झाडांना पाणी आणि शेवटच्यांना लापशी मिळते.

भिजवलेले औषध त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांत संपवा. साध्या पाण्यात मॅन्कोझेब निम्म्यावर यायला एक-दोन दिवस पुरतात. संध्याकाळी पाऊस आला म्हणून टाकी झाकून ठेवली आणि सकाळी तीच मारली, तर मात्रा कमी पडते. शिवाय मोडलेल्या भागातून ईटीयू नावाचा नको असलेला पदार्थ वाढतो. त्याच्याबद्दल पुढे.

पाण्याचा सामू (पीएच) ६ ते ७ असावा. कीटकनाशकासाठी सामू उतरवायची सवय द्राक्षवाल्यांना असते, आणि सायट्रिक ॲसिड अंदाजाने पडते. सामू फार खाली गेला की मॅन्कोझेब मोडून कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतात. टाकीतून सडक्या अंड्याचा किंवा सडक्या कोबीचा वास आला तर हेच घडले आहे. ते मिश्रण मारू नका आणि झाकणावर वाकून वास घेत बसू नका. फॉस्फरस ॲसिडचे तयार पोटॅशियम मीठ मॅन्कोझेबबरोबर चालते, पण कच्चे ॲसिड नाही.

बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे) आणि मॅन्कोझेब एका टाकीत कधीही नको. बोर्डोतला चुना त्याला मोडतो. बोर्डो तयार केलेल्या ड्रमला चुन्याचा थर असतो, तोही आधी खरवडून धुवा. चुना-गंधकाचा काढा आणि इतर अल्कधर्मी औषधांनाही हाच नियम.

नवीन जोडी असेल तर बरणीची चाचणी करा. एक लिटर पाण्यात मात्रेप्रमाणे सगळी औषधे त्याच क्रमाने घाला, हलवा आणि अर्धा तास ठेवा. थोडा साका बसून हलवल्यावर पुन्हा मिसळला तर ठीक. दह्यासारख्या गाठी झाल्या, तेल वर आले, बरणी कोमट लागली किंवा वास सुटला, तर ती जोडी सोडून द्या.

फवारणी

द्राक्षाच्या केवड्याची बुरशी पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरते. वरून छान ओली दिसणारी आणि खालून कोरडी राहिलेली बाग रोगाच्या दृष्टीने न फवारलेलीच. वेलीखाली वाकून पाच-दहा पाने उलटून बघा. खालच्या बाजूला थेंब एकमेकांजवळ दिसायला हवेत, पण ओघळू नयेत. ओघळले की औषध पानाच्या टोकाला गोळा होते आणि मधला भाग उघडा राहतो. पाणी लागल्यावर रंग बदलणारा कागद पानाखाली टाचून पाहिला तर आणखी नेमके कळते.

वेळ पावसाआधीची. थर वाळायला हवा, म्हणून पाऊस येण्यापूर्वी निदान तीन-चार तास मिळतील असे पाहा. ढोबळ नियम असा, की एक इंच पावसात निम्मा थर धुऊन जातो आणि दोन इंचांत नव्याने फवारावे लागते. पाऊस नसला तर थर टिकतो, पण तो जुन्या पानांवरच असतो. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, फूट जोरात असते, शेंड्याकडची पाने सतत नवी येतात आणि त्यांच्यावर काहीच नसते. रोगाला पोषक हवा असताना ७ ते १० दिवसांचे अंतर ठेवतात ते या नव्या पानांसाठी. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीत त्याहून आधी पुन्हा यावे लागते. तेव्हा लेबलवर एकूण किती फवारण्या चालतात तेही मोजत राहा.

कांद्याची पात मेणचट असते, तिच्यावरून थेंब घरंगळतो. तिथे स्टिकर हवाच, लिटरला अर्धा ते एक मिलि. त्याहून जास्त घातला तर थेंब पसरून पातीवरून वाहून जातो.

पावडरीचे औषध नोझल झिजवते. मोसमात अधूनमधून एका नोझलखाली मापी भांडे धरून एक मिनिट पाणी गोळा करा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त आले तर नोझल बदला. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका. जुना टूथब्रश जवळ ठेवा.

एक इशारा. मॅन्कोझेबच्या सलग फवारण्यांनी मित्र कोळी मरतात, म्हणजे लाल कोळ्यांना खाणारे कोळी. बागेत लाल कोळी अचानक उसळले तर कोळीनाशक घ्यायच्या आधी मागच्या फवारण्यांची वही बघा.

अंगावर, श्वासात, पोटात

पाकिटावर हिरवा त्रिकोण दिसतो आणि त्यामुळे हे औषध सौम्य समजले जाते. तो त्रिकोण एका वेळी पोटात किंवा कातडीतून गेले तर किती घातक एवढेच सांगतो. त्या बाबतीत मॅन्कोझेब खरोखर सौम्य आहे. पण रोजच्या हाताळणीचे दुखणे वेगळे. कातडीला त्याची ॲलर्जी जडते. एकदा जडली की पुढे थोड्याशा पावडरीनेही खाज, पुरळ, डोळ्यांची आग सुरू होते. मॅन्कोझेब मोडून तयार होणारा ईटीयू हा पदार्थ थायरॉईड ग्रंथीचे काम बिघडवतो. गर्भावर परिणाम करणारे आणि संप्रेरकांत ढवळाढवळ करणारे म्हणून युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची मान्यता पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला. भारतातही मे २०२० मध्ये सरकारने बंदीच्या मसुद्यात जी २७ कीडनाशके घेतली, त्यांत ते होते.

सर्वांत धोक्याची वेळ पावडर मोजण्याची, कारण तेव्हा ती सर्वांत दाट आणि कोरडी असते. नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. रुमाल धूळ अडवत नाही, आणि ओला झाला की ती तोंडाशी धरून ठेवतो. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, पुढे प्लास्टिकचा ॲप्रन, पायात गमबूट. विजार गमबुटाच्या बाहेर सोडा, आत खोचू नका, नाहीतर ओघळ थेट पायावर येतो. हातमोजे काढायच्या आधी ते हातावर असतानाच साबणाने धुवा.

फवारलेल्या बागेत किमान २४ तास कुणी जाऊ नये. विरळणी आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येणाऱ्या बायकांना हे आधी सांगावे लागते, कारण टोळी ठरलेली असते आणि दिवस फुकट घालवायला कुणी तयार नसते. म्हणून फवारणीचा दिवस टोळीच्या दिवसाशी जुळवून ठरवा. गरोदर बाईला या औषधाची फवारणी, मिसळण, कपडे धुणे यांतले काहीही देऊ नका. फवारणीचे कपडे वेगळे भिजवा आणि वेगळे धुवा.

कातडीवर पडले तर कपडे काढून साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. डोळ्यात गेले तर पापण्या उघडून तेवढाच वेळ साध्या पाण्याची धार सोडा. पोटात गेले तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, पाकीट घेऊन दवाखाना गाठा. तिथे एक गोष्ट स्पष्ट सांगायची असते. नावात कार्बामेट असले तरी हे औषध कार्बामेट किंवा ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांसारखे काम करत नाही. म्हणून त्या विषबाधेवर दिले जाणारे ॲट्रोपिन याच्यावरचा उतारा नाही. याला खास उतारा नाही, लक्षणे बघून उपचार होतात. पण टाकीत बरोबर कीटकनाशक असेल तर चित्र पूर्ण बदलते, म्हणून टाकीतल्या प्रत्येक औषधाचे नाव डॉक्टरांना सांगा. फवारणीच्या दिवशी दारूपासून लांब राहा. थायरमसारख्या याच कुळातल्या औषधांवर दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणे, धडधड आणि ओकाऱ्या असा त्रास होतो.

अंश आणि काढणी

प्रयोगशाळा द्राक्षावरचे मॅन्कोझेब थेट मोजत नाही. नमुना आम्लात तापवला की डायथायोकार्बामेट मोडून कार्बन डायसल्फाइड निघतो आणि तो मोजतात. यातून दोन गोष्टी समजून घ्या. मॅन्कोझेब, प्रोपिनेब, मेटिराम, झायरम यांतले काहीही मारले तरी अहवालात एकच बेरीज येते. "एम-४५ बंद करून मी प्रोपिनेब घेतले" याने निर्यातीचा प्रश्न सुटत नाही. आणि कोबी, मोहरी, कांदा, लसूण यांच्यात स्वतःचीच गंधक संयुगे असल्याने त्यांच्या चाचणीत औषध न मारताही थोडा आकडा दिसू शकतो.

काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांतले अंतर, पिकागणिक वेगळा. निर्यातीच्या द्राक्षासाठी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची यादी समोर ठेवा. मागच्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका, युरोपच्या मर्यादा बदलत असतात. व्यवहारात मॅन्कोझेब हंगामाच्या पहिल्या टप्प्यात, मण्यांवर औषधाचा थर दिसण्याआधीच संपवलेले बरे. पुढे मण्याच्या मेणचट थरावर पावडरीचे ठिपके बसले की माल कितीही निर्दोष असो, दर पडतो. औषध वरवरच असल्याने वाहत्या पाण्यात चोळून धुतले तर बरेचसे निघते. न धुता शिजवले तर मात्र उष्णतेने त्यातून ईटीयू तयार होतो, म्हणून टोमॅटो, मिरची चिरायच्या आधी धुवा.

साठवण आणि पाकीट

पोते जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी हवी. पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला लागून रास रचू नका. ओल लागलेले मॅन्कोझेब स्वतःहून तापते, मोठ्या राशीत ते धुमसू लागते आणि त्यातून विषारी, ज्वालाग्राही वायू सुटतो. फोडलेले पाकीट दुमडून चाप लावा आणि हवाबंद डब्यात ठेवा. खते, बियाणे, जनावरांचा चारा आणि ॲसिडचे कॅन वेगळ्या जागी. पाकीट उघडताच गुठळ्या, काळपट रंग किंवा उग्र वास आला तर तारीख बाकी असली तरी ते वापरू नका.

सांडलेली पावडर झाडूने उडवू नका. किंचित ओलसर वाळू टाकून फावड्याने गोळा करा आणि लगेच खोलीबाहेर न्या. ओल लागली असल्यामुळे ती बंद डब्यात कोंडून ठेवू नका.

पाकीट टाकीवर झटका, आत पाणी घालून तीनदा विसळा, तेही टाकीतच ओता, मग पाकिटाला छेद द्या. ते जाळू नका, धुरात गंधकाचे विषारी वायू असतात. पंप धुतलेले पाणी फवारलेल्या पिकाच्याच बांधाच्या आत शिंपडा. मॅन्कोझेब माशांना फार घातक आहे, त्यामुळे ओढा, शेततळे आणि विहिरीपासून ते पाणी लांबच राहू द्या. पंप शेततळ्यात बुडवून धुणे आणि तळ्यातून पाणी भरताना पाईपचे तोंड टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवणे, या दोन्ही सवयी मोडा. तोंड बुडलेले असेल तर टाकीतले पाणी उलटे तळ्यात ओढले जाऊ शकते, म्हणून पाईपचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून वीतभर वर बांधा.